कोपीआडची ज्वारी

चन्नवीर माझा दोस्त हाय. त्याच्याबद्दल कुणी वाकडं बोललं तर मला सहन होत न्हाय. मी बोललो तर चालतं. नववीत मी शाळा सोडली तवा मास्तरसुदिक विचारायला आला न्हाय. चन्न्या आला. म्हणला, "बेंचवर जागा ठिवू का?" मी म्हणलं, नको. तरी त्यानं वरीसभर माझ्या जागंवर कुणाला बसू दिलं न्हाय. येडाच हाय.

आता त्यो जुळे सोलापुरात एका फोटो स्टुडिओत कामाला हाय. पासपोर्ट फोटो, आधारची झेरॉक्स, बारशाचे अल्बम. मी टेम्पोवर पाण्याचे जार टाकतो, दुपारी त्याच्याकडं चहाला जातो. मला एका जाग्यावर बसवत न्हाय, आन त्यो दिवसभर खुर्चीतनं उठत न्हाय.

त्याचं रान अक्कलकोटच्या पुढं. दोन एकर, काळं. त्यातनं नवा रस्ता जायचं ठरलं. मोजणीवाले येऊन गेले, म्हणले, ह्या साली ज्वारी घ्या, पुढच्या साली न्हाय. बाप मागंच गेला, आई गौरम्मा एकटीच रान बघती. ती रडली-बिडली न्हाय. तिनं बियाणं नीट केलं, पेरणीला लागली. आन चन्न्यानं बांधाला खांब रोवला.

खांबावर पत्र्याचा डबा, त्याला काचेची खिडकी. आत स्टुडिओच्या मालकानं टाकून दिलेला लग्नाचा जुना कॅमेरा. त्याला वायरनं जोडलेला एक कंप्युटर, बिस्किटाच्या पुड्याएवढा. वर सोलर. त्यो पुडा दिवसभर दर दहा मिनिटाला कॅमेऱ्याला सांगणार, काढ फोटो. कॅमेरा काढणार. फोटो नेटवरनं चन्न्याच्या मोबाईलवर येणार. पेरणीपासनं काढणीपत्तर. मग सगळे एकामागं एक पळवले की चार महिन्यांची ज्वारी तीन मिनिटात उगवणार.

"मग काय करणार त्याचं?" मी विचारलं.

"बघणार."

"कोण बघणार?"

"अव्वा. मी. तू आलास तर तू."

अव्वा म्हंजे त्याची आई. घरात कानडी बोलत्यात.

एकदा एक बाई पासपोर्ट फोटोला बसलेली. चन्न्या "मावशी, हनुवटी वर" म्हणत म्हणत मोबाईलवर बोट फिरवत होता. तिकडं चाळीस किलोमीटरवर ढग आलते, ह्यो हितनं कॅमेऱ्याचा उजेड वाढवत होता.

बाई म्हणली, "माझा फोटो काढतोस का मोबाईल खेळतोस?"

"जरा थांबा मावशी, ज्वारीवर अंधार आलाय."

बाईनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, "हुशार हाय त्यो. गप बसा."

एकच नेम होता. खांब हलता कामा नये. बोटभर हलला तरी पिच्चर तितंच धक्का खाणार. पेरणीनंतर चन्न्या रानात गेला की डब्याची काच पुसायचा, तीबी श्वास धरून.

मग येळवस आली. मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्याकडं त्या दिवशी गावात कुत्रं न्हाय सापडायचं, सगळी रानात जेवायला. कडब्याच्या पेंड्यांची कोप उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. लक्ष्मीची पूजा, भज्जी, उंडे, आंबील. चन्न्याला बारशाची ऑर्डर होती, जाता आलं न्हाय. दुपारी त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला. फोटोत ज्वारीच न्हाय. नुसता कडबा. गौरम्मानं कोप बरोबर खांबाच्या पुढं उभी केलती.

मी गाडीला किक मारली.

गेलो तर अव्वा पांडवांपुढनं ताट उचलत होती. मी म्हणलं, "अव्वा, एवढं रान पडलंय, हितंच का कोप?"

"त्यो डबा रान बघतोय म्हणला की पोरगा. मग लक्ष्मीला त्याच्या पाठीमागं ठिवू व्हय? शेवटचं वरीस हाय. तिलाबी बघू दे."

"आवं, त्याला ज्वारी दिसंना झाली! जरा बाजूला घिऊ."

"कोप उभी राहिली की पीक निघस्तवर हलवायची न्हाय. डबा हलव की."

"डबा हलत न्हाय."

"मग कोपबी हलत न्हाय. जेव."

मी सरळ जाऊन पेंडीला हात घातला. "मुट्टब्याड!" अव्वा वरडली, हात लावू नको म्हणून. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"सया, हात काढ," चन्न्या म्हणला.

मी वर बघितलं. डब्याची काच माझ्याकडंच. माझाच फोटो गेलता त्याला.

"आरं, तुझा पिच्चर मेला!"

"मेला न्हाय. वर जरा रान दिसतंय."

"कुटं दिसतंय? कावळा बसंल एवढं!"

"बास की तेवढं."

"पुढच्या साली रानच न्हाय येड्या, परत कुटनं काढशील?"

"म्हणून तर. पुढच्या साली कोपबी न्हाय. हात काढ आन जेव."

मी हात काढला. उभ्या उभ्याच आंबील पिलो आन निघालो. रस्ताभर त्याला शिव्या दिल्या. दोन महिने मोबाईलवर कडबा बघितला. वाऱ्यानं कोप जरा कलली तवा बाजूनं चार कणसं दिसाय लागली, त्याच्यावर ह्यो खूश. मला अजून पटलेलं न्हाय.

ज्वारी निघाली. चन्न्यानं पिच्चर जोडला आन रविवारी गावाकडं नेला. अव्वाच्या पुढं पोत्यावर लॅपटॉप ठिवला. काळं रान, हिरवं झालं, वर आलं, मग मधीच कडबा, मग मोकळं रान. तीन मिनिटं.

अव्वा म्हणली, "झालं?"

"झालं."

"एवढ्या घाईत? मी खुरपलं ते कुटं गेलं?"

"गेलं की अव्वा, आत्ताच."

"मला न्हाय दिसलं. परत लाव. सावकाश."

त्यानं सावकाश लावलं. ती म्हणली, "आनखी सावकाश." शेवटी त्यानं पिच्चरच बंद केला आन नुसते फोटो उघडले. एकेक. अव्वानं पडद्यावर बोट ठिवलं.

"ही कोण?"

"तू. खुरपतीस."

"आन हितं?"

"हितंबी तूच. पाणी पितीस."

"हां. पुढचा दाखव."

हजारो फोटो होते. मी उठलो. फाट्यावर जाऊन पेट्रोल टाकलं, टायरची हवा बघितली, एक चहा पिलो, परत आलो. दोघं तितंच बसलेली. फोटोत अजून दिवाळीबी आली न्हवती.