शांतिदूताची ड्यूटी

माझ्या धाकट्या दिरांना ऑफिसात सगळे ‘शांतिदूत’ म्हणतात. ते अवकाशातल्या एका दुर्बिणीवर काम करतात. फार लांब कुठेतरी एखादा अजस्र तारा कोसळला, की गॅमा किरणांचा लोळ उठतो आणि बहुतेकदा काही सेकंदांत विझतोही. हवा ते किरण अडवते, म्हणून दुर्बीण वर. तिला लोळ दिसला, की ती आपणहून तिकडे मान वळवते आणि ज्याची ड्यूटी असेल त्याच्या फोनवर भोंगा वाजतो. त्यानं खरं-खोटं बघायचं, मग जगभर निरोप धाडायचा. जमिनीवरच्या दुर्बिणी त्या दिशेला वळतात. निरोपावर पहिलं नाव ड्यूटीवाल्याचं.

भावजींच्या ड्यूटीच्या आठवड्यात मात्र आभाळ ढाराढूर झोपतं. सहकारी हटकून तेव्हाच रजा टाकतात. “तू आहेस ना, मग काही होत नाही.” भावजी हसतात, पण आंघोळीला जाताना फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेतात. त्या आठवड्यात मीही मिक्सर लावत नाही. भोंगा ऐकू आला नाही तर?

मध्यंतरी त्यांची बदली नव्या यंत्राच्या बांधणीवर ठरली. तिथे ड्यूटी नाही, भोंगा नाही. म्हणजे हा शेवटचा आठवडा, आणि त्यांच्या नावावर एकही स्फोट नाही. शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो आणि भोंगा वाजला. सासूबाईंच्या हातातली वाटी कलंडली. भावजी उष्ट्या हातानंच उठले आणि डाव्या हातानं लॅपटॉप उघडला.

“वहिनी, खरा दिसतोय.” आवाज पार बारीक झाला होता.

तेवढ्यात साहेबांचा फोन. भावजींनी स्पीकर लावला.

“अरे शांतिदूता, निरोप टाक की. नाहीतर दुसरं कोणीतरी आधी टाकेल.”

“सर, थोडं थांबतो.”

“इतकी वर्षं थांबलास, ते कमी पडलं का?”

भावजींची नजर पडद्यावर किरणांचा जोर दाखवणाऱ्या रेघेवर. रेघ चढली ती चढलेलीच.

“स्फोट असता तर एव्हाना उतरायला लागली असती,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. मग त्यांनी आभाळाचा जुना नकाशा काढला, बराच वेळ निरखला, आणि डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप करू लागले. स्फोट नाही. आपल्याच आकाशगंगेतला जुना तारा भडकला आहे. दुर्बिणी वळवू नका.

पहिलं नाव त्यांचंच होतं. फक्त ते असं यायला नको होतं.

“बरं झालं थांबलास,” साहेब फोनवरून म्हणाले. “जेव आता.”

“काय निघालं रे?” सासूबाईंनी विचारलं.

“काही नाही, आई. आपल्यातलाच एक. इतकी वर्षं गप्प होता, की संगणकही त्याला विसरला. आज भडकला.”

“घरचाच आहे ना? मग भडकू दे की जरा.” त्यांनी भावजींचं गार झालेलं ताट उचललं. “तूही कधीतरी भडकत जा. हात धू, गरम करून आणते.”

भावजी खदखदून हसले. उजव्या हाताला जेवण वाळून चिकटलं होतं, ते त्यांना तेव्हा दिसलं.

ड्यूटी संध्याकाळपर्यंत होती. जेवताना फोन त्यांच्या मांडीवर होता. मी मिक्सर लावला नाही.