चौकशीमावशी आणि पाच नंबरची खाट

आमच्या बाळंतिणींच्या वॉर्डात एक आया आहेत. त्यांना सगळे चौकशीमावशी म्हणतात. सकाळी बादली घेऊन आत शिरल्या की प्रत्येक खाटेपाशी एकच प्रश्न, तोही खणखणीत आवाजात, "काय गं, पोट साफ झालं का?" भेटायला आलेले नातेवाईक माना खाली घालतात, बाळंतिणी पांघरुणात तोंड लपवतात. मी इथली सिस्टर. दहादा दटावलं, पण ऐकतील तर शपथ!

याच मावशी गेले चार दिवस पाच नंबरच्या खाटेपाशी मुकाट्यानं फरशी पुसत होत्या. कारण तिथं त्यांचीच मुलगी होती. शाळेत असल्यापासून 'माझी आई नर्स आहे' असं सांगणारी. इथंही तिनं आईला बजावलं होतं, "मला चारचौघांत काही विचारलंस तर बघ."

चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाई राउंडला आल्या. घरी सोडायचा कागद हातातच होता.

"पोट साफ झालं?"

"हो," मुलगी म्हणाली.

मावशींच्या हातातलं फडकं थांबलं.

"खोटं बोलतेय ती. एकदाही गेली नाही. जावं लागू नये म्हणून पाणीसुद्धा पीत नाही."

"आई!"

अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. मुलीनं आईकडे जळजळीत पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रक्तवाढीच्या गोळ्यांनीही असं होतं, म्हणाल्या. भरपूर पाणी पी, फळं-भाज्या खा, शौच मऊ होण्याचं हे औषध घे, आणि कळ आली की थांबवायची नाही. कागद मात्र तसाच परत नेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कळ आली. मुलगी संडासात गेली, कडी लावली. आईशी ती कालपासून एक शब्द बोलली नव्हती. मावशी दाराबाहेर, मी त्यांच्या मागे. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग आतून रडं ऐकू आलं.

"टाके तुटतील माझे!"

"नाही तुटत. कमोडपाशी ठेंगणं स्टूल आहे, ते पायाखाली घे. स्वच्छ पॅड टाक्यांवर हलकेच धर. जोर करू नको, श्वास सोड."

"तुला काय कळतंय? तू काय डॉक्टर आहेस?"

माझं डोकंच फिरलं. तोंड उघडणार, तोच मावशी दाराला टेकल्या आणि इतक्या हळू बोलल्या की मला कान द्यावे लागले.

"तुझ्या वेळी मलाही टाके होते. भीतीनं नऊ दिवस गेले नाही. तुला पाजायला बसता येईना. घरात सासू, नणंदा, जावा, सगळ्या होत्या. बाळ प्यायलं का, बाळ झोपलं का, सारखं विचारायच्या. मला कुणी काही विचारलंच नाही गं."

आतलं रडं थांबलं.

"आई, तू तिथंच थांब."

"आहे मी."

आतून पाण्याचा आवाज आला, तेव्हा मावशी दोन्ही हातांनी तोंड दाबून रडत होत्या.