मामांची करंगळी

मशीन थांबलं, की मामा दार उघडायचे, लोखंडी पिसात पाडलेलं भोक चिंधीनं पुसायचे आणि डोळे मिटून त्यात करंगळी घालायचे. गेजनं माप केव्हाच बरोबर आलेलं असायचं. पण गेज माप सांगतो, आतली रेघ सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं. करंगळी बाहेर आली आणि ते "हां" म्हणाले, की मगच पीस पुढं जायचा.

तुळजापूरहून आयटीआय करून मी धाराशिवच्या त्या कारखान्यात लागले, तेव्हा सीएनसी मशीनवर मी एकटीच मुलगी, आणि मामा तिथले सगळ्यांत जुने ऑपरेटर, साऱ्या कारखान्याचे मामा. पहिल्याच दिवशी मी ऐटीत ड्रिल उचललं. मामांनी विचारलं, "ह्यात बसणार काय?"

मला कुठं ठाऊक!

"मग टूल कशाला उचललंस? आधी पाव्हणा कोण ते इचार, मग पाट मांड. नुसता बोल्ट जाणार असंल तर ड्रिल बास. पिन नेमकी बसायची असंल तर वर रीमर फिरव. पर रीमर आधीच्या भोकाच्या वाटंनंच जातो. भोक वाकडं तर त्योबी वाकडा. बेअरिंग बसणार असंल तर बोरिंग बार. त्यो सावकाश जातो, पर सरळ जातो."

हा प्रश्न त्यांनी कुठं विचारला नाही ते विचारा. नातीचं नाक टोचायला सोनार घरी आला, तर त्यालाही, "ह्यात बसणार काय? नथ का चमकी?" हे सांगताना मामींनी कपाळावर हात मारला होता. सोनारानं म्हणे गुमान सुई बदलली.

त्यांचं बघून मीही करंगळी घालायला लागले. एकदा मामांनी "हां" म्हटलेल्या पंपाच्या बॉडीत माझं नख अडकलं. आत चांगल्या खोल रेघा. बेअरिंग तिथं टिकलं नसतं. मामांना त्या लागल्या कशा नाहीत? मग आठवलं, चहाचा कढत ग्लास ते हल्ली खुशाल धरून बसायचे. शुगरनं त्यांच्या बोटांची जाणीवच नेली होती. सांगावं तर मामांचं काम जाणार, न सांगावं तर खराब माल जाणार. मी भित्री. पीस गुपचूप बाकाखाली सरकवला.

दुसऱ्या दिवशी तो मामांच्या हातात होता.

"ह्यो बाजूला का ठेवलास गं?"

त्यांनी करंगळी आत घातली, फिरवली, पुन्हा फिरवली. मग माझा हात धरून माझी करंगळी भोकात घातली. डोळे मात्र त्यांनी मिटले.

"काय लागतंय?"

"रेघा हायत, मामा."

"उभ्या का गोल?"

"गोल. लई हायत."

"मंजी बारच्या टोकाच्या इन्सर्टची धार उडालीय. बदल."

मालकाला त्यांनी स्वतःच जाऊन सांगितलं. महिनाअखेरीस काम सोडून ते तेरला, आपल्या घरी गेले.

मग रविवारी मी एसटीनं तेरला जायची, पिशवीत एखादा पीस घेऊन. ओट्यावर बसून करंगळी मी घालायची, डोळे त्यांनी मिटायचे. "लोकं पेढे आणत्यात, ही लोखंड आणती," मामी म्हणायच्या. माझ्या आठवड्यातला तो सगळ्यात चांगला तास असायचा.

मामा गेले त्याला वर्ष होईल. ते गेले त्या आठवड्यातल्या रविवारसाठी केलेला पीस अजून माझ्या कपाटात आहे. आत एकही रेघ नाही. पण "हां" म्हणायला ते नाहीत, म्हणून तो पुढं गेलेला नाही.