सावलीकडचं आडनाव

दुपारी दोनच्या सुमाराला वाळ्याच्या ताटीवर पहिली बादली रिकामी केली आणि ओल्या वाळ्याचा वास घरभर पसरला. मे महिन्यातलं नागपूर मला डोळे मिटूनही या वासावरून ओळखता येईल. बाहेर रस्ता पांढरा पडलेला असतो, कडुनिंबाखाली एखादी गाय डोळे मिटून उभी असते आणि गल्लीतल्या साऱ्या खिडक्या आजाऱ्यासारख्या पांघरूण घेऊन पडलेल्या असतात. आता बहुतेकांकडे कूलर आले. हाताने पाणी मारायच्या ताट्या गल्लीत दोनच घरांना उरल्या होत्या, एक माझ्या आणि एक समोरच्या. यंदा समोरच्या खिडकीला ताटी लागलेली नाही. ऊन सरळ आत जातं आणि रिकाम्या खुर्चीवर बसतं.

त्या खुर्चीवर बसणारी वहिनी माघात गेली. तिचे यजमान, ज्यांना मी लहानपणापासून दादा म्हणते, मागच्या आठवड्यात परदेशी पत्राचा निळा कागद घेऊन आले आणि म्हणाले, "तिच्या माहेरी कळवायचं राहिलं आहे. तूच लिही. मला जमत नाही." माहेर म्हणजे युगोस्लाव्हियातल्या स्लोव्हेनियामधली डोंगरातली एक दरी. तिथे तिचा चुलतभाऊ आहे. शाळामास्तराकडून तो इंग्रजी पत्र वाचून घेतो. आठ दिवस कागद माझ्यासमोर आहे आणि त्यावर एकच ओळ लिहून झाली आहे. पुढच्या ओळीत तिचं नाव यायला हवं. तिथे लेखणी अडते. मी उठते, पाणी पिते, पुस्तकांवरची धूळ झटकते, पुन्हा येऊन बसते. निम्मा जन्म ग्रंथालयात काढलेल्या बाईला एक नाव लिहिता येऊ नये, याची लाजही वाटते.

वहिनीचं माहेरचं आडनाव मी इथेही लिहिणार नाही. ते फार दुर्मिळ आहे. तिच्या दरीत त्या आडनावाची दोनच घरं, पलीकडच्या गावात एक. काही जण मागच्या काळी खाणीत काम करायला अमेरिकेला गेले, त्यांनी ते तोडून आखूड केलं. इतकी थोडी माणसं जे नाव लावतात, ते छापणं म्हणजे त्यांच्या दाराकडे बोट दाखवणं. दादांच्या आडनावाचं तसं नाही. ते टेलिफोनच्या पुस्तकात पानभर पसरलेलं आहे, काटोलकडच्या कोणत्याही गावात हाक मारली तर चौघे मागे वळून पाहतील. सासरी मिळालेलं तिचं नाव मात्र मी खुशाल सांगते. छाया. या नावाच्या बायका आमच्या एका गल्लीत तीन होत्या. ते लिहून मी कोणाचंच नाव घेत नाही.

दादा इंजिनिअर. साठीच्या दशकात यंत्रांचं शिक्षण घ्यायला तिकडे गेले आणि येताना तिला घेऊन आले. कचेरीतलं लग्न तिकडेच झालं होतं, पण दादांच्या आईला, म्हणजे आमच्या समोरच्या मावशींना, ते लग्न वाटेना. त्यांनी अंगणात जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव घातला. गल्लीतली बाई न् बाई 'रशियाची सून' बघायला लोटली. रशिया नव्हे, हे सांगून दादा थकले. मी तेव्हा कॉलेजात होते. पुस्तकी का होईना, इंग्रजी येत होतं, म्हणून मला नवरीजवळ उभं केलं. एकीचं इंग्रजी मोडकं, दुसरीचं कधी तोंडातून न निघालेलं. अशा दोघींच्या भरवशावर ते लग्न लागलं.

तांदळाने भरलेलं ताट पुढे आलं. आमच्याकडे नवरी घरात आली की तिचं नवं नाव सोन्याच्या अंगठीने तांदळावर लिहितात. मावशी काटोलजवळच्या खेड्यातल्या. उभं आयुष्य वावरात गेलेलं, नवरा गेल्यावर मुलाकडे शहरात राहायला आलेल्या. त्यांनी नाव ठरवलं नव्हतं. "इचं आडनाव काय, त्याचा अर्थ काय, इचार बरं पोरी," त्या मला म्हणाल्या. "माहेराची काही खूण राह्यली पाहिजे तिच्यापाशी." मी विचारलं. वहिनी जरा थांबली. मग तिने हाताचा डोंगर करून दाखवला आणि त्याच्या मागच्या बाजूकडे बोट केलं. शेडी साइड, ती म्हणाली. मी झटक्यात मराठी केलं, "सावलीच्या बाजूला राहणारे."

मावशींचा चेहरा उजळला. "सावलीवाले? अवं बाई, मंग तं मोठं घर हाये पोरीचं!" आणि जमलेल्या बायकांकडे वळून म्हणाल्या, "आमच्या वावरात एकच निंब होता. बारा बाया त्याच्याच खाली भाकर खात. त्या निंबासाठी दोन भावांत भांडनं लागली. आन् इचं तं आडनावच सावली हाये." कोणीतरी चिडवलं, "मावशी, नागपूरच्या उन्हात टिकन का पन गोरी?" मावशी म्हणाल्या, "ती काहून टिकणार नाही? सावली संगं घिऊन आली ना!" दादांच्या हातात अंगठी होती. ताटात 'छाया' उमटलं. मी वहिनीच्या कानाशी अर्थ सांगितला. ती हसली. हसण्याआधी एक क्षणभर तिच्या डोळ्यांत काहीतरी विझल्यासारखं झालं. ते मी पाहिलं आणि थकवा समजून सोडून दिलं.

त्याचा उलगडा पुढे काही वर्षांनी झाला. तोवर वहिनी मराठी शिकली होती, आणि तेही मावशींकडून, त्यामुळे ती पक्की वऱ्हाडी बोलायची. निळ्या डोळ्यांची ती बाई भाजीवाल्याला "काहून गा, कालच्यापेक्षा महाग काहून?" म्हणाली की नवखा भाजीवाला तराजू विसरायचा. एक खोड मात्र तिची गेली नाही. ती उन्हात बसायची. हिवाळ्यात आम्हीही बसतो, पण ती मार्चमध्ये, एप्रिलमध्येही सकाळचं ऊन सोडत नसे. "उठ वं, काळी पडशील," मावशी आतून ओरडायच्या. अशाच एका जानेवारीच्या दुपारी, अंगणात संत्री सोलता सोलता, तिने मला तिच्या आडनावाची गोष्ट सांगितली.

त्यांची दरी अरुंद. एका काठावर ऊन, तिथे चांगली जमीन, फळझाडं, चर्च. समोरच्या काठावर सावली. कार्तिकात सूर्य डोंगराआड गेला की त्या बाजूच्या घरांना तो थेट माघातच दिसायचा. बर्फ तिथे सगळ्यात उशिरा वितळायचं, धान्य सगळ्यात उशिरा पिकायचं, पोरींची लग्नंही उशिराच व्हायची. त्या काठावरच्या एका घराला उन्हाकडच्या लोकांनी 'सावलीकडचे' म्हटलं, घराचं नाव माणसांना चिकटलं, माणसांचं दप्तरात गेलं. शाळेत उन्हाकडची पोरं विचारायची, "आज दिवा घेऊन आलीस का?" माघात ऊन परत यायच्या दिवशी तिचा बाप अंगणात एका ठराविक जागी खुर्ची मांडून ठेवायचा. पहिला कवडसा नेमका तिथे पडायचा आणि घरातली माणसं पाळीपाळीने त्या खुर्चीत बसायची.

"लगन झालं तवा मले वाटलं, सुटली मी त्या नावातून," वहिनी म्हणाली. "आन् तुह्या मावशीनं तेच नाव तांदळात लिहून मले वापस देल्लं." ती खूप हसली. मग संत्र्याची फोड माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "तिले सांगजो नको."

त्यानंतर मी ग्रंथालयात बसून धुंडाळलं. जुन्या प्रवासवर्णनांत, भूगोलाच्या पुस्तकांत अशा दऱ्यांचं वर्णन सापडलं, ऊन नसलेल्या काठावरच्या गरिबीचं वर्णन सापडलं. एखादी दुर्मिळ पोथी हाती लागावी तसा मला आनंद झाला. आडनावांचा मला नादच लागला. एक गोष्ट तेव्हा ध्यानात आली. आडनाव कोणी स्वतःला ठेवून घेत नाही, ते समोरच्या काठावरून येतं. कोल्हे असोत की ढोरे की सावलीकडचे, पहिल्यांदा कोणीतरी दुसऱ्याने हाक मारली, चिडवलं, ओळखलं, आणि ती हाक पिढ्यान् पिढ्या अंगावर राहिली. हे सारं मला कळलं होतं. फक्त कुठे गप्प बसावं, ते कळलं नव्हतं.

एका मे महिन्यात मावशींच्या गच्चीवर कुरडया घालणं चाललं होतं. सकाळीच ऊन कडक होतं, सहासात बायका साच्यातून कुरडया पाडत होत्या. नव्याने राहायला आलेल्या एका बाईंना मावशी मोठ्या अभिमानाने सांगत होत्या, "माह्या सुनेचं खानदानच सावलीचं. तिकडं तिच्या बापाले सारे मानत." दहा वर्षं ऐकलेलं ते वाक्य. त्या दिवशी मला कोणता किडा चावला कोण जाणे. ग्रंथालयशास्त्राची पदवी नुकतीच हातात पडली होती, हे एक कारण असेल. मी म्हटलं, "मावशी, उलट आहे ते. तिकडे सावली म्हणजे दरिद्री बाजू. लोक त्या नावाने हिणवतात."

साच्यातली कुरडई अर्धीच कापडावर पडली. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मग जिन्याकडे. जिन्यात वहिनी चिकाचं पातेलं घेऊन उभी होती. "असं काय?" मावशी हळू आवाजात म्हणाल्या. "मंग मी तं पोरीले रोज हिणवूनच राह्यली होती." मावशींनी अर्धी कुरडई पुरी केली आणि पुढची सुरू केली.

त्या दिवसापासून मावशींनी सुनेला नावाने हाक मारणं सोडलं. "सूनबाई", नाही तर नुसतं "अवं". समोरच्या घरातून दिवसातून वीसदा ऐकू येणारं 'छाया' एकदम थांबलं. नळ बंद झाल्यावर घर कसं वेगळं वाटतं, तशी गल्ली मला वेगळी वाटू लागली. आठवड्याने वहिनी माझ्याकडे आली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"काहून सांगतलं तिले?"

"खरं तेच सांगितलं," मी म्हणाले.

"ते माह्यं खरं होतं. तुह्यं नोतं." ती दारातच उभी होती. "आन् दहा वर्सांत ते बदललं होतं ना वं. ती छाया म्हने, तवा मले माह्या बापाचं घर दिसत नोतं. तिचा निंब दिसे. ती मले रोज तो निंब देत होती."

मी माफी मागितली. ती "असू दे" म्हणाली आणि खरंच पुढे कधी तो विषय काढला नाही. दोघींच्या घरातली दूध-विरजणाची देवघेव चालू राहिली. पण मी मावशींच्या समोर बसले की कान नकळत एकाच शब्दाची वाट पाहायचे. एकदा एकटीला गाठून मी मावशींनाही म्हटलं, "म्हणा ना पुन्हा छाया. तिला आवडतं." त्या म्हणाल्या, "तू सांगतलं म्हून ठेवलं, तू सांगतलं म्हून सोडलं. आता तू सांगशीन म्हून परत म्हनू? माही जीभ हाये का तुही?"

तीन-चार वर्षांनी मावशी गेल्या. तोही मे महिनाच. चौदाव्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनी भांडी परत करायला आली आणि जाता जाता म्हणाली, "शेवटल्या दिवशी हाक मारली तिनं. म्हने, छाया, ताटीवर पानी टाक वं." मला रडू फुटलं. वहिनीने माझ्या पाठीवर हात ठेवला. तेव्हा मी ते पूर्ण मानलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं की जायच्या तीन दिवस आधीच मावशींची वाचा गेली होती. मी स्वतः चमच्याने पाणी पाजायला बसले होते. त्यांच्या ओठांतून घरघरीशिवाय काही निघत नव्हतं. मग ती हाक खरी होती की वहिनीने माझ्यासाठी रचलेली? मरताना वाचा परतते, असंही म्हणतात. मी विचारणार होते. आज विचारू, उद्या विचारू म्हणत सहा वर्षं गेली. वहिनीला विचारायचं दार माघात बंद झालं. त्याच दिवसांत तिच्या बापाच्या अंगणातल्या खुर्चीवर ऊन परत येत असेल.

दादा त्या शेवटच्या दिवशी मावशींच्या उशाशीच होते. रस्ता ओलांडून जायचा अवकाश, एका वाक्यात उत्तर मिळेल. गेले आठ दिवस मी कितीदा चपला पायात घातल्या आणि काढल्या. जन्मभर मी हेच केलं. गोष्ट खरी की खोटी, पहिली नोंद कुठली, मूळ कुठलं, हे शोधून काढलं. या एका गोष्टीचं मूळ मात्र आहे तिथे असू द्यावं, असं आज चपला तिसऱ्यांदा काढताना ठरवलं. हाक मावशींची असो की वहिनीची, दोघींपैकी एकीने ती दिली, एवढं खरं आहे. आणि ते माझं नाही.

पत्राची दुसरी ओळ आता लिहिली आहे. लग्नाआधीचं तिचं पूर्ण नाव लिहिलं, त्या दुर्मिळ आडनावासकट. मग लिहिलं, इथे आम्ही तिला छाया म्हणायचो. शब्दाचा अर्थ लिहिला तेव्हा जाणवलं, सावलीच्या काठावर बसून हे ऐकणाऱ्या भावाला वाटेल, इथेही तिला हिणवलंच. वीस वर्षांपूर्वी मांडवात मी घाईने एक बाजू सांगून मोकळी झाले होते. या वेळी घाई केली नाही. मी काटोलजवळच्या एका वावराबद्दल लिहिलं. मे महिन्यातल्या दुपारबद्दल, एकुलत्या निंबाबद्दल, बारा बायांबद्दल, आणि त्या निंबाखालची जागा एका म्हातारीने परक्या मुलुखातून आलेल्या मुलीला कशी देऊन टाकली, त्याबद्दल. कागद पुरला नाही. उरलेलं समासात आडवं लिहिलं.

दादांना पत्र द्यायला जाताना डाव्या हातात बादली घेणार आहे. त्यांच्या माळ्यावर जुनी ताटी असेल. लावायला एक माणूस पुरत नाही, दुसऱ्याने खालून धरावी लागते.