चौथा बोल्ट

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, तेव्हा बाबांनी काटोलकडच्या एका मालगुजारांच्या गोठ्यातून जुनी इंग्लिश मोटार आणली. तिच्यात कोंबड्या राहत होत्या. बाबा आणि वाडीचे एक मिस्त्री वर्षभर अंगणात तिच्यामागे लागले होते. मिस्त्री मूळचे ट्रकवाले, इंग्रजी येत नसलेले. बाबांना बारीक अक्षर दिसत नसे. म्हणून मोटारीचं जाडजूड पुस्तक वाचून मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. माझी शाळा इंग्रजी. चार माणसांत मराठी वाक्य बोलायचं तर आधी मनात दोनदा तपासून घ्यायची. नाही जमलं, तर सरळ गाळायची. कोणाला कळत नसे.

इंजिन बसवायच्या रविवारी शेजारीही जमले. इंजिन चार जाड रबरांवर बसतं. मिस्त्री त्यांना फाउंडेशन म्हणत. चेनपुलीवरून इंजिन खाली उतरलं. तीन बोल्ट गेले, मिस्त्रींनी एकेक लगेच करकचून आवळला. चौथ्याचं भोक मात्र अर्धं बोट बाजूला राहिलं. पहार लावून झाली, शिव्या देऊन झाल्या. इंजिन हलेना.

"साहेब, कानस द्या. भोकच मोठं करून टाकतो."

बाबांचा चेहरा उतरला. मूळ सांगाड्याला कानस लावायची नाही, एवढा एकच हट्ट त्यांनी वर्षभर धरला होता. तरी ते मुकाट्याने कानस आणायला उठले.

मी पुस्तक उघडलं. चारही बोल्ट आधी सैल लावावेत, इंजिनाचं वजन रबरांवर येऊ द्यावं, मगच आवळावेत. सकाळी शेजारचे काका माझ्याकडे बघत होते, म्हणून हे लांबलचक वाक्य मी गिळून टाकलं होतं.

"थांबा," मी म्हणाले. कोणालाच ऐकू गेलं नाही. मिस्त्रींनी कानस टेकवली.

"थांबा ना!"

आई स्वयंपाकघरातून धावत आली.

"तिन्ही बोल्ट सैल करायचे. पुस्तकात आहे. मी... मी सकाळी ते वाचलंच नाही."

"काहून वं बाई? घंटाभर पहार हाणून राहिलो मी, अन् तू पुस्तक धरून पाहून राहिली?"

"मला लाज वाटली."

"घ्या! हिले लाज वाटली अन् घाम मले फुटला!"

सगळे हसले. बाबा सगळ्यांत जोरात. माझंही हसू आवरेना.

बोल्ट सैल झाले, साखळी जरा सोडली. रबरं दबली, इंजिन किंचित सरकलं आणि भोक समोर आलं. मिस्त्रींनी चौथा बोल्ट माझ्या हातात ठेवला.

"लाव. तुयाच हाय हा."

दोन बोटांनी फिरवला, तर सुरसुर आत गेला. मनगटापर्यंत ग्रीस लागलं, ते पुसावंसं वाटेना.

"आता वाच पुढचं. अन् काही गाळू नको वं!"

मी पुस्तक पहिल्या पानावर नेलं आणि छापखान्याच्या पत्त्यापासून मोठ्याने सुरुवात केली.