तीनच्या आत खाली

आमच्या आत्याचं तोंड फटकळ आणि हात त्याहून फटकळ. बाबा तिचे धाकटे भाऊ. त्यांच्या डाव्या भुवईत एक खाच आहे, ती तिने लहानपणी फेकून मारलेल्या लाकडी पट्टीची. हवामान कार्यालयात नोकरी लागल्यावर तरी ती निवळेल, असं आजोबांना वाटलं होतं. कसलं काय! पहिल्याच वर्षी तिने एका माणसाला कॉलर धरून जिन्यापर्यंत ढकलत नेलं, कारण तो म्हणाला होता की तुमचा अंदाज म्हणजे नुसती नाणेफेक. ऑफिसात तिला वावटळबाई म्हणत. समोर कुणी म्हणत नसे, जीव सगळ्यांनाच प्यारा असतो.

तीस वर्षं तिचं काम एकच. दर सोमवारी बाराच्या आत पुढच्या सात दिवसांचा अंदाज लिहायचा, साहेबांची सही घ्यायची आणि कागद सगळीकडे धाडायचा. उंचावर काम करणारे लोक तो भिंतीला चिकटवून ठेवत. उन्हाळा लागला की त्यात शेवटी एक वाक्य ठरलेलं असे : दुपारी तीननंतर अचानक सोसाट्याचा वारा सुटण्याची शक्यता. हे वाक्य ती नकाशा न बघताही लिही. ‘उन्हाळ्याच्या तोंडावर नकाशावर विसंबू नका, जमीन तापली की ती कुणाला विचारत बसत नाही,’ असं ती नव्या लोकांना दरडावून सांगायची.

बाबा जाहिरातींचे मोठाले फलक लावायचे. चार मजले उंच लोखंडी सांगाडा, त्यावर ताणून बांधायचं कापड आणि कमरेला पट्टा. हाताखाली दोन माणसं, सोबत एक म्हातारे वेल्डरकाका. रविवारी आत्या जेवायला आली की बाबा त्या वाक्याची नक्कल करायचे आणि आई तोंड फिरवून हसायची.

त्या रविवारी जरा अतीच झालं. बाबा ताटावरून उठले, चमचा तोंडापुढे धरला आणि बातम्यांच्या आवाजात म्हणाले, “दुपारी तीननंतर अचानक आमची ताई सुटण्याची शक्यता! सर्वांनी आसरा घ्यावा!” आम्ही हसून हसून लोळलो. बाबांना चेव चढला. “अगं, रोज मरे त्याला कोण रडे? एकदा काढून तर बघ ते वाक्य. काय आभाळ कोसळणार आहे?”

आत्याने हातातली वाटी भिंतीवर भिरकावली. “हसता ना? नाही लिहीत, जा!” म्हणाली आणि हातसुद्धा न धुता निघून गेली.

सोमवारी तिने ते वाक्य खरंच गाळलं. नकाशावर ढगाचं नाव नव्हतं, साहेबांनी मुकाट्याने सही केली. तिने रागाच्या भरात एक ओळ लिहिली नाही, एवढंच झालं. हे मी सरळ लिहिते आहे, कारण आमच्या घरात अजून कुणी ते सरळ बोलत नाही.

गुरुवारी सव्वातीनला ऑफिसातला वाऱ्याचा काटा एकदम उसळला. आत्याने बाबांना अकरा वेळा फोन केला. फोन खाली गाडीत, डब्याच्या पिशवीत वाजत राहिला. मग ती तशीच बाबांच्या कामाच्या जागेकडे पळत सुटली.

वारा आला तो दार लाथ मारून फोडावं तसा. पत्रे उडाले, झाडं मुळासकट उताणी झाली, विजेचा खांब वाकून रस्त्यावर आडवा पडला. वाटेत एका पत्र्याने आत्याचा कान चिरला. इकडे अर्धं बांधलेलं कापड टम्म फुगलं होतं. खालच्या टप्प्यावरचे दोघे उड्या टाकून वाचले. बाबा सगळ्यात वर होते. कापड मोकळं करायला त्यांनी सुरी काढली, दोन दोर कापले, तिसऱ्याला हात घालायच्या आत सांगाडा बुडातून मोडला. पट्टा सांगाड्यालाच अडकवलेला, त्यामुळे ते लोखंडासकट खाली आले. खाली असलेल्या वेल्डरकाकांनी स्वतःच्या पट्ट्याने त्यांची मांडी आवळली. आत्या पोचली आणि नुसत्या हातांनी लोखंड उपसू लागली. बाबांचा उजवा पाय गुडघ्याखाली लोंबत होता. तो गेलाच.

दवाखान्यात वेल्डरकाकांच्या तोंडून निघून गेलं, की या आठवड्याच्या कागदावर वाऱ्याचं काही नव्हतं. माझ्या आईने जन्मात कुणावर आवाज चढवलेला नाही. तिने आत्याच्या झिंज्या धरल्या आणि तिचं डोकं भिंतीवर आपटलं. “एक ओळ, वन्सं! एक ओळ लिहायला हात मोडला होता का तुमचा?” मीही दोन ठेवून दिल्या. जिने कधी कुणाचं बोट अंगाला लागू दिलं नव्हतं, ती निमूट मार खात उभी होती. एवढंच पुटपुटत होती, “तो कुठे मानायचा ग ते? नुसता हसायचा.” या एका आधारावर ती तीन दिवस तगली.

तिसऱ्या दिवशी बाबांनी डोळे उघडले. खाटेपाशी आम्ही सगळे होतो, वेल्डरकाकाही. त्यांनी आत्यालाच विचारलं, “ताई, या वेळी ते वाक्य का नव्हतं ग?”

“तू हसत होतास.”

“हसायचो. पण उतरायचो ना. तीनच्या आत सगळे खाली. विचार यांना.”

वेल्डरकाकांनी मान हलवली. “वीस उन्हाळे. एक मिनिट इकडचं तिकडे नाही. गुरुवारी मी खालून ओरडलो, तीन वाजत आले, उतरा. तर हा म्हणतो, ताईने वारा काढून टाकलाय, म्हणजे नाहीच येणार. आज काम संपवूनच उतरू.”

आत्याने खाटेच्या लोखंडी दांड्यावर कपाळ आपटलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. नर्सने आणि मी तिला ओढून बाजूला केलं, तोवर चादर लाल झाली होती. मला तिची दया आली नाही. आजही पुरती येत नाही.

सोमवारी कपाळाला पट्टी बांधून ती ऑफिसात गेली आणि दुपारी नवा कागद घेऊन दवाखान्यात आली. शेवटी ते वाक्य होतं. माझं डोकं भडकलं. मी कागद फाडला आणि तुकडे तिच्या तोंडावर फेकले. ती खाली वाकून ते गोळा करायला लागली.

“आण इकडे,” बाबा म्हणाले. त्यांनी तुकडे छातीवर जुळवले आणि शेवटच्या ओळीवरून बोट फिरवत ती वाचली. हसले नाहीत.

“किती वाजले?”

“तीनला पाच कमी,” आई म्हणाली.

“मग खिडकी लावून घ्या.”

बाहेर रखरखीत ऊन होतं, पानसुद्धा हलत नव्हतं. आत्याने उठून खिडकी लावली.