मंगी भोयेचे नऊ ठोकळे

मंगी भोये. वय वर्षं आठ, इयत्ता दुसरी, दिंडोरी तालुक्यातल्या एका लहान गावची शाळा. १९९८ साली दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, त्या पहिल्या सकाळी, प्रार्थना झाल्यावर आणि हजेरी घ्यायच्या आधी, तिचं नाव पटावरून काढलं गेलं. अन्याय झाला तो तिच्यावर. केला तो शैला बोरस्ते यांनी. त्यांना मी मॅडम म्हणायचे. त्या सहा आठवड्यांपूर्वी गेल्या, आणि त्यांच्याइतकं खरं माणूस मी या जिल्ह्यात दुसरं पाहिलेलं नाही. गेलेल्या माणसाबद्दलचा लेख असा सुरू करत नाहीत, हे मला कळतं. पण ही सुरुवात माझी नाही, मॅडमची आहे. त्यांनी ती मला तीन वर्षांपूर्वी सांगितली होती, आणि मी तेव्हा ऐकली नव्हती...

बातमी आली तेव्हा मी निफाडच्या तहसील कचेरीच्या पायरीवर बसले होते. हातात मजुरांच्या मुलांच्या शाळेबद्दलचं निवेदन होतं आणि साहेब जेवायला गेले होते. फोन बोरस्ते काकांचा, म्हणजे मॅडमच्या यजमानांचा. ‘‘तुझ्या मॅडम गेल्या गं पोरी, सकाळी,’’ एवढंच म्हणाले. मग म्हणाले, ‘‘तो ठोकळ्यांचा डबा तुला द्यायचाय. सांगून ठेवलंय तिनं.’’ पोटाचं दुखणं वर्षभर होतं, दोनदा दवाखाना झाला होता, त्यामुळे अचानक असं काही नव्हतं. मी साहेबांची वाट पाहिली, निवेदन दिलं, पोच घेतली, शिक्का नीट उमटलाय का तेही पाहिलं. आणि मग एसटी स्टँडवर येऊन रडले. पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही, हे त्यांनीच शिकवलं होतं.

मॅडम मूळच्या निफाडकडच्या, द्राक्षबागायतदारांच्या घरातल्या. प्राथमिक शिक्षिका होत्या. विद्यापीठाच्या नाशिकमधल्या केंद्रात शालेय मानसशास्त्राचा अभ्यासक्रम निघाला, तेव्हा त्यांनी बिनपगारी रजा टाकून पहिल्या तुकडीत प्रवेश घेतला. वर्गातली मुलं मागे का पडतात हे शोधायचं, नुसती छडी मारून चालणार नाही, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. विभाग नवा होता. सगळ्यांना काहीतरी करून दाखवायचं होतं. दर जानेवारीला विभागाचं वार्तापत्र निघायचं. त्यात कुणाला पारितोषिक मिळालं, कुणाचा निबंध कुठल्या परिषदेत वाचला गेला, कुठल्या तालुक्यात किती मुलांच्या चाचण्या झाल्या, सगळं फोटोसकट. चाचण्यांचा आकडा मोठा दिसला पाहिजे, असा विभागप्रमुख सरांचा आग्रह. म्हणून ऑक्टोबरात विद्यार्थ्यांना जीपमध्ये घालून दिंडोरी तालुक्यात नेलं. जीप चार वाजता परत निघायची. त्याआधी अख्खा वर्ग उरकायचा.

ऑक्टोबर म्हणजे छाटणीचे दिवस. पेठकडच्या डोंगरातून मजुरांच्या टोळ्या बागांवर येतात, बांधाला झोपड्या टाकून राहतात. मंगी अशाच एका टोळीतली. गुरुजींनी पट भरायला तिचं नाव घातलं होतं. घरची बोली वेगळी, त्यामुळे तोंडी प्रश्नांना ती गप्पच. मग आले ठोकळे. नऊ लाकडी ठोकळे, काही बाजू लाल, काही पांढऱ्या. कार्डावर नक्षी असते, तशी जुळवायची. मॅडमच्या डाव्या हातात घड्याळ, उजव्या हातात पेन, मांडीवर तक्ता. मुलाची प्रत्येक हालचाल नोंदवा, असं पुस्तकात लिहिलेलं. मॅडम मान खाली घालून नोंदवत राहिल्या. मान वर केली की टेबल रिकामं, ठोकळे डब्यात. दुसरं कार्ड, पुन्हा तेच. तिसरं, चौथं... मुलगी ठोकळ्यांना हातसुद्धा लावत नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी लिहिलं, ‘प्रतिसाद नाही.’ बेरीज केली, खाली शिफारस लिहिली की हिला नाशिकच्या मतिमंद मुलांच्या शाळेत घालावं. गुरुजींना निमित्तच हवं होतं. दिवाळीनंतर नाव गेलं. पेठच्या डोंगरातून आलेली टोळी आपल्या लेकराला नाशिकच्या शाळेत कशी घालणार, हा प्रश्न कुणी कुणाला विचारला नाही.

जानेवारीत वार्तापत्र आलं. मुखपृष्ठावर फोटो होता, सरांनी स्वतः काढलेला. खाली छापलं होतं, ‘चाचणी देताना एक विद्यार्थिनी.’ मॅडम सांगायच्या, मी तो फोटो आधी स्वतःसाठी पाहिला. आपली साडी बरी दिसतेय का म्हणून. मग टेबलाकडे लक्ष गेलं. मंगीचा हात शेवटच्या ठोकळ्यावर होता आणि कार्डावरची नक्षी नऊच्या नऊ ठोकळ्यांत पुरी झाली होती. शेजारी मॅडम, मान खाली, लिहिताना.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच एसटीनं गावात गेल्या. टोळी अजून होती, काढणीपर्यंत थांबलेली. मंगीच्या आईनं त्यांना ओळखलं, बसायला पोतं टाकलं आणि झोपडीत जाऊन प्लास्टिकच्या पिशवीतून एक पाकीट आणलं. विभागाचा शिक्का असलेलं, आत मॅडमच्याच अहवालाची प्रत. ‘‘बाई, तुमचा कागद जपून ठेवलाय बघा,’’ ती म्हणाली. तिला वाटत होतं, पोरगी शाळेत होती याचा तो दाखला आहे. मॅडम हे सांगताना नेहमी इथे थांबायच्या... पाणी प्यायच्या. मंगी बागेत होती, मोठ्या बायकांबरोबर घड विरळायला. सुट्टी झाली तशी तिनं हातातली कात्री पुसली आणि धावत जाऊन क्रेटमध्ये ठेवली. तिच्यामागून बाकीच्यांनी ठेवल्या. ही बागांवरची रीत आहे. काम झालं की कात्री क्रेटमध्ये, जमिनीवर दिसली की मालकाच्या शिव्या. मॅडमनी पिशवीतून ठोकळे काढले, कार्ड ठेवलं. मंगीनं नक्षी जुळवली, जुळवली तशी मोडली, नऊ ठोकळे डब्यात भरले, झाकण लावलं आणि डबा पुढे केला. काम झालं, हत्यार जागेवर.

‘‘आमच्या घरच्या बागेत हेच बघत मी लहानाची मोठी झाले,’’ मॅडम म्हणायच्या. ‘‘शहरातली कुणी असती तर तिला माफ होतं. मला नाही.’’

त्यांनी सरांना लेखी कळवलं. चाचणी चुकली आहे, अहवाल मागे घ्या, शाळेला पत्र द्या, पुढच्या वार्तापत्रात दुरुस्तीची एक ओळ छापा. सर भले माणूस, चहा मागवला. म्हणाले, एका मुलीसाठी सगळ्या तुकडीच्या कामावर शंका यायची, आणि पाहणीला समिती यायची आहे. शाळेत गेल्या तर गुरुजी म्हणाले, बाई, तुमच्याच सहीचा कागद आहे, आता तुम्हीच फिरवता होय? पुढच्या मोसमात ती टोळी त्या गावी आलीच नाही. मॅडम दर ऑक्टोबरला दिंडोरी, पिंपळगाव, निफाडच्या बागा धुंडाळायच्या. आणि दर डिसेंबरला तीच एक ओळ स्वच्छ अक्षरात लिहून वार्तापत्राच्या संपादकाकडे द्यायच्या. पोच घ्यायच्या. ओळ कधीच छापली नाही. कारण एकच, जागा नाही. पारितोषिकांना जागा होती, सत्कारांना होती, सहलीच्या फोटोला अर्धं पान होतं.

मी त्या विभागात २००४ साली गेले. तोवर मॅडम तिथेच प्रात्यक्षिकं शिकवायला लागल्या होत्या. पहिल्या तासाला त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. एका मुलीला टेबलाशी बसवलं, मला चाचणी घ्यायला सांगितली. मी पेन उचललं. ‘‘पेन खाली,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हात बघ तिचे. लिहायचं ते ती गेल्यावर लिही. आणि तेवढं लक्षात राहत नसेल तर हा धंदा सोड, बँकेत चिकट.’’ वर्ग हसला. त्या हसल्या नाहीत. मी वर्षभरात धंदा सोडला, बँकेत न चिकटता बागमजुरांच्या संघटनेत गेले, आणि पत्रकं लिहायला लागले. माझं पहिलं मोठं पत्रक मंगीवरच होतं. मोठ्या तोऱ्यात मॅडमना दाखवायला नेलं. त्या स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या. चष्मा लावून वाचलं. मी लिहिलं होतं, ‘आदिवासी मजुराच्या लेकीचा व्यवस्थेने बळी घेतला.’ त्यांनी लाल पेन मागितलं, ‘व्यवस्थेने’ हा शब्द खोडला आणि वर लिहिलं, ‘शैला बोरस्ते यांनी.’

‘‘असं छाप,’’ म्हणाल्या. ‘‘माझ्याबद्दल कधीही लिहिलंस तर तिच्यापासून सुरुवात कर. कोण, कधी, कुणी. व्यवस्थेला जाब विचारायला तू कुठे जाणार? तिचा पत्ता आहे का तुझ्याकडे? माझा आहे.’’

मी नाही छापलं. आपल्या बाजूच्या माणसाचं नाव आपणच कसं घालायचं, शत्रूच्या हातात कोलीत कशाला द्यायचं, असा माझा युक्तिवाद. पत्रक ‘व्यवस्थेने’ असंच निघालं, चौकाचौकात वाटलं. मॅडमना एक प्रत दिली. त्यांनी ती घडी करून ठोकळ्यांच्या डब्याखाली ठेवली. विभागानं दहा वर्षं जे केलं, तेच मी एका दुपारी केलं... फरक इतकाच की मला जागेची सबब नव्हती.

मंगी सापडली ती गेल्या वर्षी, पिंपळगावच्या एका पॅकहाऊसमध्ये. अठरा वर्षांची, डोक्याला जाळीची टोपी, हातात घड, कात्रीनं सडके मणी काढत होती. मी बरोबर होते. जेवणाच्या सुट्टीत ती बाहेर आली, मॅडमकडे बघून म्हणाली, ‘‘तुमी त्या ठोकळ्यावाल्या बाई ना?’’ मॅडमनी डबा काढला. भाकरीचा हात पुसून मंगीनं कार्ड न बघता ती नक्षी जुळवली, मोडली, डब्यात भरली. मग सहज विचारावं तसं विचारलं, ‘‘तवा मी चुकली व्हती का, बाई?’’

‘‘नाही गं,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘मी बघितलंच नाही.’’

मंगी शेजारणीकडे बघून हसली. ‘‘आता नका घालू मला शाळंत. पोरं हसतील.’’ भोंगा झाला तशी आत गेली. दारातल्या रजिस्टरवर नावापुढे तिनं अंगठा उठवला. मॅडम तो शाईचा ठसा बघत उभ्या राहिल्या. त्यांचं दुखणं त्यानंतर सुरू झालं. दोन्हींचा संबंध आहे असं मी म्हणणार नाही. डॉक्टरही म्हणणार नाहीत. पण मला तो क्रम विसरता येत नाही.

विभागात शोकसभा झाली. हार घातलेला मॅडमचा फोटो, आणि त्याच्याच मागे भिंतीवर, काचेच्या चौकटीत, मुखपृष्ठावरचा तो जुना फोटो, खालच्या ओळीसकट, मोठा करून लावलेला. सगळे त्या फोटोसमोर बसून बोलत होते, विभागाची वाटचाल, मानसन्मान, तुकड्या. कुणाची नजर टेबलावरच्या नऊ ठोकळ्यांवर गेली नाही. मागच्या आठवड्यात वार्तापत्राचा खास अंक आला. मॅडमना यंदा पूर्ण पान मिळालं. त्यात वाक्य आहे, ‘त्यांनी आयुष्यभर बिनचूक चाचण्या घेतल्या.’ जी बाई दहा वर्षं लेखी सांगत होती की माझी चूक छापा, तिला मेल्यावर बिनचूक करून टाकली. तिचं एवढं एकच मागणं होतं, तेही तिच्याबरोबर जाळलं.

डबा आता माझ्या टेबलावर आहे. पत्र्याचा, झाकणाची एक कड चेपलेली. खाली माझं पत्रक, चौघडी. मी लिहायला बसले की आधी पेन खाली ठेवते, मग डबा उघडते, नऊ मोजते, बंद करते. हे लिहितानाही केलं.

आता तुम्ही. जी ओळ विभागानं छापली नाही आणि मीही छापली नाही, ती आज या पानावर, पहिल्याच परिच्छेदात छापली गेली आहे. नाव, साल, सकाळ, कुणी केलं ते, सगळं. वाचून हळहळू नका, घडी घालून रद्दीत टाकू नका. कात्री घ्या, हे पान कापा. विभाग दिवसभर उघडा असतो, जिना चढून उजव्या हाताची भिंत. त्या फोटोतले नऊ ठोकळे मोजा आणि ‘एक विद्यार्थिनी’ असं लिहिलंय, त्यावर हे चिकटवा. कुणी काढलं तर दुसऱ्यानं जाऊन पुन्हा चिकटवा. आणि काम झालं की कात्री जागेवर ठेवा.